रगात गटारात, गुणगान पुरवणीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या रक्ताच्या सॉसेजवर पानभर लेख आला होता. लाकडी फळीवर काळ्याभोर चकत्या, शेजारी सफरचंदाच्या फोडी, वर कसलीशी हिरवी काडी. स्पेनमधल्या बुर्गोसची तांदूळ घातलेली मोर्सिया, इंग्लंडातल्या बरी गावचं ब्लॅक पुडिंग, जर्मनांचं ब्लुटवुर्स्ट. लेख चांगला होता, मी दोनदा वाचला. मग पंधरा दिवसांनी वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याशा खानावळीत शेजारच्या ताटात त्यांना रक्तीची, म्हणजे बोकडाच्या शिजवलेल्या रक्ताची, वाटी दिसली आणि त्यांचं जेवणच उतरेना. हा रानटी प्रकार अजून चालतो कसा, असा त्यांचा सवाल होता.

त्यांना रक्ती आवडली नाही याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला पनीर आवडत नाही. माझं म्हणणं तुमच्याशी आहे. तीच वस्तू, तेच रक्त. चकत्या पाडून फळीवर मांडली की पुरवणीत जाते आणि भाकरीशेजारी वाटीत आली की तक्रारीत. दोन्ही मजकूर तुमच्याच टेबलावरून गेले, पण मधल्या पंधरा दिवसांत दोन्ही एकच आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणून हे पत्र. लांबेल. काटछाट करायची तर माझी करा, कृतीची करू नका.

मी माण तालुक्यातला, वय ६३. १९८१ ते २००३ सैन्यात लांगरी होतो. लांगरी म्हणजे लंगरचा स्वयंपाकी. बंदूक चालवायला शिकवली होती, पण जन्म गेला डाव आणि उलथनं चालवण्यात. आमच्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे त्यात मोठेपण काही नाही. सांगायचं एवढ्यासाठी की दोनशे माणसांचं पोट बिघडू न देता मांस कसं शिजवायचं हे मला ठाऊक आहे.

आमच्याकडे शब्द ‘रगात’. कच्चं असतं तोवर ते रगात, शिजलं की ती रक्ती. चुलीवर चढताना त्याचं लिंगसुद्धा बदलतं. आई ती करायची ती अशी. गावच्या जत्रेला बोकड पडायचं. सुरी मुलाणीचाचांची. गावातल्या मराठ्यांच्या, धनगरांच्या बोकडाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. ‘बिस्मिल्ला’ म्हणायचे आणि एका झटक्यात मोकळे व्हायचे. मान उताराला धरलेली असे, त्यामुळे धार सरळ आईच्या परातीत. हलालात रगात पुरतं निथळू देतात आणि त्यांच्या धर्मात ते खायला मनाई. म्हणजे ज्यांच्या हातानं रगात इतकं स्वच्छ निघायचं, त्यांना ते वर्ज्य. आमच्या गावात चाचांचा वाटा मानेचा आणि कातड्याचा. परातीकडे ते बघायचेसुद्धा नाहीत, पण पाय लागून ती कलंडू नये म्हणून आम्हा पोरांना हाकलायचे मात्र तेच. “ए, मागं सरा रं, आईचं कालवण सांडशिला!”

परातीत आधीच चिमूटभर मीठ आणि वाटीभर पाणी असायचं. धार थांबली की परात सावलीत, वर सूप झाकण. हलवायची नाही. दहा-पंधरा मिनिटांत दह्यासारखी कवडी धरते. आई सुरीनं चौकोन पाडायची आणि ते एकेक करून गरम पाण्यात सोडायची, उकळत्या नव्हे. लाल वडी आत जायची ती तपकिरी होऊन वर यायची. मग निथळून, हातानं चुरून, कांद्यावर. कांदा रगताच्या निम्मा तरी हवा, त्याशिवाय रक्ती कोरडी आणि मातकट लागते. लसूण ठेचून सालीसकट, घरची कांदा-लसूण चटणी, जाळीच्या चरबीचे बारीक तुकडे, काळजाचे दोन-चार. पाण्याचा थेंब नाही. मीठ शेवटी आणि तेही चाखून, कारण रगात मुळातच खारं असतं. नवी सून इथं हमखास फसायची. वरून कोथिंबीर, ज्वारीची भाकरी, आणि ज्याला सोसेल त्याला कच्चा कांदा. मटणाचा रस्सा शिजेपर्यंत पोरांच्या पोटाला हा आधार. जत्रेच्या दिवशी रस्सा दुपारी तीनच्या आत कुणाच्या घरी तयार झालेला मला आठवत नाही.

हे सगळं गोडगोड नव्हतं. बोकडाच्या कोणत्या भागाचा धनी कोण, यावरून गावात माणसाची पायरी ठरायची. चांगल्या मांसाचे वाटे वाड्यांत जायचे. रगात, वजडी, खूर आमच्यासारख्यांकडे आणि आमच्याही खालच्या समजलेल्या वस्तीकडे. मराठवाड्यात याच पदार्थाला लकुती म्हणतात. तिकडचा एक जोडीदार पलटणीत होता. त्यानं कितीतरी महिने हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नव्हता. मी एकदा रक्तीचं नाव काढलं तेव्हा हळूच म्हणाला, “आमच्यात पण करतात.” आवाज इतका खाली की मला वाटलं काही चोरीचं सांगतोय. त्या गृहस्थांनी ‘रानटी’ हा शब्द लिहिला तेव्हा मला त्याचा तो आवाज आठवला.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. माणात पाऊस तसाही पाहुण्यासारखाच येतो, त्या वर्षी तोही आला नाही. आई-वडील खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला तो लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी. भाकरी थापली की फाटायची. जनावरं विकायची किंवा कापायची अशी वेळ होती आणि एका परातभर रगतात सात-आठ माणसं जेवायची होती. तेव्हा आईनं मिलो जाडसर भरडला, शिजवला आणि रक्तीत मिसळला. परात भरली. आम्हाला वाटलं हा नवा पदार्थ आहे. आई म्हणाली, “पदार्थ कसला, पुरवठा हाय.”

बावीस वर्षांनी, १९९४ ला, माझी बदली लेहला झाली. नोव्हेंबरच्या अखेरीला एका लडाखी जवानानं सुटीच्या दिवशी त्याच्या घरी नेलं. थंडी पडायला लागली, चारा संपला की तिकडे मेंढ्या आणि याक कापून हिवाळ्याचं मांस करून ठेवतात, त्याचे ते दिवस. स्वयंपाकघरात त्याची आई आणि मावशी खाली बसलेल्या, मध्ये मोठी घमेली. एकीत धुतलेली आतडी, एकीत रगात. रगतात सातूचं भाजलेलं पीठ, चरबी आणि कांदा कालवलेला. नरसाळ्यानं ते आतड्यात भरायचं, दोऱ्यानं बांधायचं, पातेल्यात सोडायचं. नाव ग्युमा. मी ते सातूचं पीठ बघत राहिलो. आईचा मिलो तो हाच.

तुमच्या लेखात पदार्थांची नावं होती, पण हा धागा सुटला होता. बुर्गोसवाले तांदूळ घालतात. इंग्रज ओट घालतात. पोलंडमध्ये कशांका नावाचं हेच असतं, त्यात कुट्टूच्या किंवा सातूच्या कण्या. कोरियात सुंदे नावाचं करतात, त्यात शेवयांसारखे पारदर्शक तंतू. ज्याच्या शिवारात जे पिकतं किंवा ज्याच्या रेशनला जे येतं, ते रगतात पडतं. रगात सगळीकडे सारखंच. गाव कळतं ते धान्यावरून. माणची सॉसेज कुणी करायची म्हटली तर तिच्यात ज्वारीच्या कण्याच पडणार.

म्हणून निवृत्त झाल्यावर मी ती करायला घेतली. इथं एक घरगुती अडचण सांगितली पाहिजे. आमच्या मंडळींनी बारा वर्षांपूर्वी माळ घातली. घरात अंडंसुद्धा येत नाही. माझी चूल परसात लिंबाखाली, भांडी वेगळी, त्यांना लाल दोरा बांधलेला. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत आमच्या जिल्ह्यातून जाते तेव्हा ती चूल थंड असते, आणि एकादशी झाल्याशिवाय पेटत नाही. एकादशी ते आखाडाची अमावस्या हे एकोणीस-वीस दिवस माझे. पुढं श्रावण. याच्यावर आमचा तह झालेला आहे आणि दोन्ही बाजूंनी तो पाळला जातो.

पहिल्या खेपेला मी लेहला पाहिलं तसं सगळं केलं आणि सगळं फुटलं. पातेल्यात आतडी सोडून पंधरा मिनिटं झाली नसतील, फटाफट आवाज सुरू झाले. झाकण काढलं तर काळी पेज, वर आतड्याच्या फिती तरंगतायत. शेजारचे बघायला आलेले, त्यांनी वर्षभर माझी चेष्टा केली. मी भरण्याला दोष दिला, दोऱ्याला दिला, आतड्याला दिला. मंडळी तुळशीपाशी बसून वाती वळत होत्या. पातेल्याकडे न बघता म्हणाल्या, “जाळ किती केलाय? दिंडं अशी उकळतात व्हय?”

आणि मग डोक्यात उजेड पडला. ज्या गोष्टीशी लेहच्या लंगरमध्ये रोज झगडलो, तीच मी विसरलो होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं पाणी ८८-८९ अंशालाच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, राजम्याचं तर नाव काढू नका. पण त्याच पाण्यात ग्युमा निवांत शिजते, कारण रगात ७०-७५ अंशाला घट्ट होतं, त्याला याहून जास्त लागतच नाही. त्या म्हाताऱ्या बायकांना जाळ सांभाळायची तेवढी गरज नव्हती, जाळ त्यांचा डोंगर सांभाळत होता. आमच्या माणात पाणी ९८ च्या आसपास उकळतं आणि ढणढणत उकळतं. आत वाफ धरते, आतडं फाटतं. पुढच्या खेपेला पुतण्याकडून दुधाच्या डेअरीतला थर्मामीटर आणला, पाणी ८० वर धरलं, एकही फुटली नाही.

आता कृती. ज्यांना किळस येते त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत.

तीस किलोच्या बोकडाचं लिटरभर रगात निघतं, सव्वा म्हणजे डोक्यावरून पाणी. रक्तीसाठी ते गोठू द्यायचं, पण भरण्यासाठी गोठू द्यायचं नाही. हा सगळा फरक पहिल्या पाच मिनिटांत होतो. स्टीलच्या भांड्यात धार पडत असतानाच ज्वारीच्या ताटाच्या सोललेल्या काडीनं ढवळत राहायचं. काडीला लालसर-पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता गोळा होतो. रगताला बांधणारं तंतूचं जाळं ते हेच. ते निघून गेलं की उरलेलं रगात पातळ राहतं. वर चमचाभर मीठ, गाळणीतून गाळायचं आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं. उन्हात, ओट्यावर, गाडीच्या डिकीत नाही. त्याच दिवशी शिजवायचं. रगतासारखं लवकर नासणारं स्वयंपाकघरात दुसरं काही नाही. दूधसुद्धा त्यापेक्षा दम धरतं.

आतडी हे खरं कष्टाचं काम. मेंढीचं लहान आतडं सरळ केलं तर वीस-पंचवीस मीटर भरतं. पोरांना अंगणात धरून उभं केलं की त्यांना आपोआप प्राणिशास्त्र येतं. पण ते फार बारीक, कण्या अडकतात. मी त्यापेक्षा रुंद, मोठं आतडं घेतो. आतलं पिळून काढायचं, वरची चरबी बोटानं सोडवायची, नळीचं पाणी सोडायचं, उलटं करायचं. मीठ, सांगलीची हळद आणि ज्वारीचं पीठ लावून चोळायचं, धुवायचं, पुन्हा चोळायचं. माझे चार वेळा होतात. शेवटच्या पाण्यात लिंबू. नाकाशी धरून वास आला नाही म्हणजे झालं. वास आला तर परत पहिल्यापासून, कंटाळा करणाऱ्यानं मटणाचा रस्सा करावा. सारणाला लिटरभर रगतामागे पावशेर ज्वारीच्या कण्या, पूर्ण शिजवून गार केलेल्या. कच्च्या टाकल्या तर त्या आत फुगतात आणि पुन्हा फटाफट. जाळीची चरबी पावशेर, बारीक तुकडे. तीन मोठे कांदे लाल परतून, लसणाच्या दोन गड्ड्या, दोन चमचे कांदा-लसूण चटणी, धणेपूड. मीठ कमीच. सारण पातळ असायला हवं, डोशाच्या पिठाइतकं. नरसाळं नसेल तर पाण्याच्या बाटलीचं वरचं तोंड कापून घ्यावं, मी तेच वापरतो. आतडं पाऊणच भरायचं, वितीवितीवर दोऱ्यानं बांधायचं.

पाणी गरम झालं की जाळ ओढून घ्यायचा. वर वाफ फिरावी, बुडबुडा येऊ नये. अर्ध्या तासानं सुई टोचायची. लाल आलं तर कच्चं, तपकिरी पाणी आलं तर झालं. काढून दोरीवर टांगायच्या, गार झाल्याशिवाय कापायच्या नाहीत. मग चकत्या पाडून तव्यावर, थोड्या तेलात, दोन्हीकडून कड धरेपर्यंत. बाहेर कुरकुरीत, आत मऊ, मध्ये ज्वारीची कणी दाताखाली येते. सफरचंद मिळत नाही असं नाही, पण मी शेंगदाण्याची चटणी घेतो.

नातू याला ‘ब्लड सॉसेज’ म्हणतो आणि फोटो काढतो. आईच्या रक्तीचा फोटो त्यानं कधी काढला नाही. घ्या, तुमचा आजार आमच्या घरातसुद्धा आहे.

आता त्या गृहस्थांचं एक म्हणणं मी मान्य करतो. रस्त्याकडेला सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत उघड्या टोपात ठेवलेली रक्ती मीही खात नाही. कुणाचं, किती वेळचं, कसल्या भांड्यात धरलेलं रगात ते कळत नाही तिथं ती वाटी बाजूला सारावी. आपोआप मेलेल्या जनावराचं तर शिवूही नये. फाशी रोगानं, म्हणजे अँथ्रॅक्सनं, मेलेल्या जनावराचं रगात माणसाला मारू शकतं, हे आमच्याकडे म्हाताऱ्यांना पुस्तकं न वाचता ठाऊक होतं. पण याचा इलाज रक्ती बंद करणं हा नाही. स्वच्छ रगात मिळण्याची सोय करणं हा आहे. आणि तीच आज नाही.

मागच्या आखाडात मी तालुक्याच्या गावी मटणाच्या दुकानात गेलो. ओळखीचा माणूस, चांगला माणूस. म्हटलं, रगात पाहिजे, माझं भांडं आणलंय. तो हसला. “आबा, रगात आता कोण मागतंय? नळ सोडला की गेलं.” मी बोकडाचे पैसे देतो, त्यात रगताचेही देतो, आणि ते गटारात जातं. दुसऱ्या दुकानात गेलो तर बोकड रात्रीच कापून आलेलं, रगताचा प्रश्नच नाही. नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापायचं नाही असा २००१ चा केंद्राचा नियम आहे, आणि त्यात कापण्याआधी पशुवैद्यकानं जनावर तपासायचं असतं. नियम योग्य आहे, माझी त्याला हरकत नाही. उलट तपासलेल्या जनावराचं रगात तेवढंच भरवशाचं. फक्त कत्तलखाना बांधताना रगतासाठी नाली आखतात, परात आखत नाहीत. युरोपातल्या कत्तलखान्यांत खाण्यासाठीचं रगात पोकळ सुरीनं, नळीतून, जमिनीला न लागता घेतात. इंग्लंडात बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ब्लॅक पुडिंगमध्ये तर ताजं रगात नसतंच, वाळवलेली पूड असते. तुमच्या लेखातल्या चकत्यांना म्हणून एवढा मान आहे. त्यांच्यामागे परात धरणारा कुणीतरी आहे.

आमच्याकडेही रगताची पूड मिळते. नर्सरीत. ब्लड मील म्हणून पिशवीत भरून, गुलाबाला घालायला, नत्र चांगलं असतं म्हणतात. मी विकत घेतली होती. गुलाब छान आला. म्हणजे रगात गोळा करता येतं, वाळवता येतं, पिशवीत भरून पैसे घेता येतात. गुलाबाला चालतं तेवढी व्यवस्था माणसाच्या वाटीसाठी का होत नाही, हे मला कुणीतरी सांगावं.

सून आशा सेविका आहे. गावातल्या बायकांना लोहाच्या गोळ्या वाटत फिरते, आणि घरोघरी त्या डब्यात पडून राहतात हे बघून चिडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी निघालं. मी म्हटलं, मग रक्ती सांग की त्यांना. तिनं मला शांतपणे समजावलं. रगतातलं, काळजातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगाला चांगलं लागतं, हे खरं आहे. पण वर्षातून दोनदा जत्रेला खाल्लेल्या रक्तीनं कुणाचं रक्त भरत नाही, आणि जिला गोळी दिली आहे तिनं गोळी घेतलीच पाहिजे. “आबा, तुम्ही पेपरात लिवताय त्यात गोळ्या बंद करा असलं काय लिवू नका.” लिहिलेलं नाही, बाई. मला फक्त एवढंच वाटतं, की लोह कमी म्हणून गोळी वाटणाऱ्या आणि लोह गटारात सोडणाऱ्या अशा दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं जातात.

माझं मागणं फार नाही. आमच्या तालुक्यात, आणि शेजारी आटपाडी, जतकडे, जिथं शेळ्या-मेंढ्यांचे एवढे मोठे बाजार भरतात, तिथं कत्तलखान्यात मागणाऱ्यासाठी एक झाकणाची स्टीलची बादली आणि एक बर्फाचा खोका ठेवावा. सकाळी नाव नोंदवा, आपलं भांडं आणा, तासाभरात घेऊन जा. दहा माणसं आली तरी पुष्कळ. नाही आली तर बादली धुऊन ठेवा.

आणि पुरवणीतल्या बाईंना सांगा, त्यांचा लेख मी कापून ठेवला आहे, राग नाही. पुढच्या आखाडात, एकादशी झाल्यावर, केव्हाही यावं. दहिवडीपर्यंत एसटी आहे, पुढं मी घ्यायला येईन. त्या गृहस्थांनाही आणा. रक्ती नको असेल तर घरात मंडळींच्या हातचं पिठलं-भाकरी मिळेल, आणि ते माझ्या रक्तीपेक्षा चांगलं असतं हे मी लेखी देतो.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती. घरात माळ आहे, आणि पंढरपूरच्या दिंडीत मंडळींच्या मैत्रिणी तुमचा पेपर वाचतात.

आपला नम्र,
एक निवृत्त लांगरी
ता. माण, जि. सातारा